वाफा भरल्याची हाक

पेडगावच्या शिवारात त्या साली रोटाव्हेटर फिरला नसता, तर आसारामच्या कानात यंत्र बसलं नसतं.

आसारामला बारा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. फटाका, ट्रॅक्टर आणि थोरला मेहुणा एवढे ऐकू येत. बाकीचं जग ओठ हलवी आणि आसाराम मान हलवी. दोघांचं बरं चाललं होतं. गव्हाला पाणी द्यायच्या वेळी मात्र अडचण यायची.

दारं धरणं हे दोन माणसांचं काम. एकानं पाणी आणणाऱ्या चारीच्या तोंडाशी खोरं घेऊन उभं राहायचं, दुसऱ्यानं वाफ्याच्या शेवटाला. पाणी शेवटाला पोचलं की तिकडून हाक यायची, "भरलाऽऽ!" की इकडच्यानं खोऱ्यानं माती ओढून हे दार बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं मोडायचं. हाक ऐकायला उशीर झाला तर पाणी बांध फोडतं, आणि बांधाच्या पलीकडं कायम दुसऱ्याचंच काहीतरी असतं.

वाफ्याच्या शेवटाला आसारामची बायको झुंबरबाई असायची. नवऱ्याचे कान गेल्यावर तिनं पहिलं वर्ष घसा फोडून घेतला. दुसऱ्या वर्षी तिनं ढेकूळ हातात घेतलं. वाफा भरला की ती बांधावरचं एक ढेकूळ उचलायची आणि चाळीस पावलांवरून नवऱ्याच्या पाठीत घालायची. बारीक ढेकूळ म्हणजे वाफा भरला. लिंबाएवढं म्हणजे भाकरी खायला या. डाव्या खांद्यावर बसलं तर डावीकडं बघा, उजव्या खांद्यावर बसलं तर बैल सुटलाय. नेम असा की डोक्याला कधी लागलं नाही. लागलंच, तर ते मुद्दाम होतं हे आसारामला कळायचं आणि तो कारण विचारायचा नाही. दहा वर्षं ओटीत ढेकळं बांधून ती रानात गेली. गावातल्या बायका ओटीत पेरू नेत, शेंगा नेत. झुंबरबाई माती नेई.

आता हाकच मारायची तर नाव घेऊन का नाही, असं कोणी विचारेल. नाव घेण्याचा प्रश्नच नव्हता. झुंबरबाईनं लग्नात एकदा उखाण्यात नाव घेतलं होतं, तेही नणंदेनं दार अडवलं म्हणून. त्यानंतर चाळीस वर्षं नाही. नवऱ्याच्या नावात राम असल्यामुळं ती कुणाला रामराम घालत नसे, नमस्कार म्हणे. सासऱ्यानं नातवाचं नाव रामहरी ठेवून तिची पंचाईत केली होती, पण तिनं पहिल्या दिवसापासून पोराला हरी म्हणून तीही निकालात काढली.

तर रोटाव्हेटर. रामहरी सेलूला जिनिंगमध्ये कामाला होता. त्यानं दिवाळीत घरी येऊन हौसेनं रोटाव्हेटर लावला आणि रान पिठासारखं केलं. गहू पेरला, बांधही नवे ओढले. सगळं गाव म्हणालं, रान कसं मऊ झालंय. कालव्याचं पाणी आलं. पहिला वाफा भरला. झुंबरबाईनं सवयीनं खाली हात घातला, तर रानात ढेकूळ म्हणून नव्हतं. बांधावर नव्हतं. चारीवर नव्हतं. तिनं मूठभर माती फेकली, ती वाऱ्यानं तिच्याच डोळ्यांत आली. तिनं चप्पल फेकली, ती चिखलात रुतली. दुसरी चप्पल काढेपर्यंत बांध फुटला.

बांधापलीकडं दिनकररावांची तूर कापून पडली होती. ती तरंगायला लागली.

दिनकरराव धावत आले तेव्हा आसाराम चारीच्या तोंडाशी पाठ करून, समाधानानं तंबाखू चोळत उभा होता.

* * *

पाणी वाटपाचं आबासाहेब बघायचे. आबासाहेबांनी दोघांना मारुतीच्या पारावर बसवलं. तक्रार ऐकणं तसं अवघड गेलं, कारण दिनकररावांनाही डाव्या कानानं कमी ऐकू यायचं. फरक एवढाच, की आसाराम म्हणायचा, मला ऐकू येत नाही. आणि दिनकरराव म्हणायचे, लोकच हळू बोलायलेत.

"माझी तूर नासली की हो आबासाहेब! वरडून वरडून माझा जीव गेला, हा गडी तंबाकू मळायलाय!"

आसारामनं मान हलवली.

"बघा, कबूल बी करायलाय!"

आबासाहेबांनी आसारामच्या कानाशी तोंड नेलं आणि निकाल दिला. पाराखाली झोपलेली दोन कुत्री तो ऐकून उठून गेली. "पुढच्या पाळीला खोरं तुमच्या हातात न्हाई! रामहरीला बोलवा! न्हाईतर परभणीला जा, कान दाखवा, ऐकायला यायलंय म्हनून दवाखान्याचं लिहून आना. मंगच चारीला हात लावायचा!"

हे मात्र आसारामला सगळं ऐकू आलं. त्याची मान हलली नाही.

पन्नास वर्षं तो त्या चारीच्या तोंडाशी उभा राहत आलेला. पाण्यात पाय किती बुडाले यावरून वाफ्याला किती वेळ लागेल हे सांगणारा माणूस. आणि रामहरी? रामहरीला खोरं दिलं तर तो आधी फोटो काढायचा.

घरी आल्यावर आसारामनं खोरं धुतलं, पुसलं, दांड्याला तेल लावलं आणि कोपऱ्यात उभं केलं. जेवला नाही. सून राजेश्री भाकऱ्या थापत होती. तिनं चुलीपुढूनच सासूला विचारलं, "आत्याबाई, मामाचं नाव घालू का त्या कानाच्या यादीत? परभणीत एक ट्रस्ट हाय, यंत्र देतेत."

"घाल बाई," झुंबरबाई म्हणाली. "रानात ढेकूळ उरलं न्हाई आता."

* * *

परभणीच्या त्या केंद्रात अर्पिता मॅडम होत्या. वय पोरीचं, आवाज शांत. त्यांनी आसारामच्या कानात गुलाबी लगदा भरून साचे काढले, काचेच्या खोलीत बसवून बटण दाबायला लावलं, आणि आठ दिवसांनी यंत्रांची जोडी कानांमागं चढवली. शेंगदाण्याएवढं यंत्र, त्यातून निघालेली नळी, टोकाला साचा.

आसाराम छताकडं बघायला लागला.

"काय वाजायलंय ते?"

"पंखा आहे आजोबा."

"आदीपासून वाजत व्हता?"

"हो."

"मंग बोलले कसं न्हाईत कुनी?"

झुंबरबाई बाजूला बसली होती. तिनं हळूच विचारलं, "येतंय का ऐकायला?"

आसारामनं तिच्याकडं वळून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुझा आवाज म्हातारा झालाय की गं."

"तुमचं त्वांड बघा आदी आरशात."

आसाराम हसला. स्वतःचं हसू ऐकून दचकला आणि थांबला. मग तपासून बघावं म्हणून पुन्हा हसला.

मॅडमनी नियम सांगितला. जोडी एक महिना वापरायला दिली आहे. महिन्यानं तपासणी. वापरात दिसली तर कायमची. नाही तर साचे तुमचे तुम्हाला आणि यंत्रं यादीतल्या पुढच्या माणसाला. मग त्यांनी एक कार्ड दिलं आणि राजेश्रीला वाचून दाखवलं. घरचा सराव. घरच्या माणसानं मागून, दहा पावलांवरून, नाव घेऊन हाक मारायची. वळले तर बरोबरची खूण. रोज दहा वेळा.

"कोण मारणार हाक?"

"आत्याबाई मारतील," राजेश्री म्हणाली. झुंबरबाईनं पदर पुढं ओढला. मॅडमना तो होकार वाटला.

यादीतलं पुढचं नाव कुणाचं, हे राजेश्रीनं बाहेर फळ्यावर वाचलं. ते दिनकररावांचं होतं. त्यांच्या सुनेनं घातलं होतं, त्यांना न विचारता.

परतीच्या एसटीत आसाराम सगळ्या वाटेनं ऐकत आला. शेवटी त्यानं कंडक्टरला बोलावून सांगितलं, "काच वाजायलीय तुमची."

"धा वर्षं झाली वाजायलीय," कंडक्टर म्हणाला.

घरी तो जेवायला बसला. कांदा फोडला, घास घेतला आणि चावायचा थांबला. "एवढा आवाज येतोय खाताना? तुमालाबी येतोय?" सगळ्यांनी हो म्हटलं. त्यानं एकेक पापड हातात घेऊन नुसता मोडून बघितला. पाच पापड मोडले. झुंबरबाईनं सहावा काढून घेतला. मांजर दूध पीत होतं तिथं जाऊन उकिडवा बसला. ज्वारी निवडताना सुपाचा आवाज, राजेश्रीच्या बांगड्या, गोठ्यात म्हशीचं शेपूट, सगळ्यांची विचारपूस झाली. दिवे लागायच्या वेळेला त्यानं दोन्ही यंत्रं काढली, धुतल्या फडक्यात गुंडाळली, डबीत घातली. डबी बिस्किटाच्या डब्यात, डबा ज्वारीच्या कोठीत.

आणि तिथंच ठेवली.

* * *

आसारामच्या घरात चांगल्या वस्तूची रीत ठरलेली होती. सात वर्षांपूर्वी त्यानं सेलूहून कातडी चप्पल आणली होती. ती तो गावाच्या शिवेपर्यंत हातात धरून नेई. पाहुण्यांचं गाव आलं की पायात घाली. त्यामुळं चप्पल अजून नवी होती आणि पाय फाटलेले होते. आता कातड्याच्या चपलेची ही बडदास्त, तर परभणीच्या यंत्राची केवढी असेल! कान काय, बारा वर्षं नव्हते तर चाललंच होतं. यंत्र वापरून झिजलं आणि महिन्यानं मॅडमनी म्हटलं, हे काय करून ठेवलं, तर?

"मामा, कानात घाला की," राजेश्री रोज म्हणायची. हातवारे करून.

"रानात कशाला? रानात कोन बोलतंय? हरभरा?"

पालमच्या एका लग्नात त्यानं जोडी घातली. मांडवात पाऊल टाकलं आणि डीजे सुरू झाला. तशीच काढून खिशात टाकली. तेराव्याला घातली, तिथं कोणीच काही बोलेना. बँकेत घातली, तिथं साहेब जेवायला गेलेला.

इकडं झुंबरबाईचं काम चोख चाललं होतं. घरच्या रानात ढेकूळ नव्हतं, पण दिनकररावांचं रान नांगरून तसंच पडलेलं. तिथं नारळाएवढाली होती. सकाळी ती बांध ओलांडून ओटीभर घेऊन यायची. दिनकरराव लांबून बघायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "आदी तूर भिजवली, आता माजं रान चोरायलीत. ओटी ओटीनं न्यायलीय ती बाई!"

सांजच्याला राजेश्री कार्ड घेऊन बसायची.

"आत्याबाई, आज किती डाव बोलावलं?"

"धा डाव."

"किती डाव वळले?"

"धाच्या धा."

राजेश्री खुणा करायची. पहिल्या आठवड्यात सत्तर पैकी सत्तर. तिला कौतुक वाटलं. नऊ-आठ तरी एखाद्या दिवशी व्हावं, असंही वाटलं. पण सासू खोटं बोलणारी नव्हती, आणि बोललीही नव्हती. तिनं दहा वेळा बोलावलं होतं, आसाराम दहा वेळा वळला होता. कशानं बोलावलं हे कार्डावर विचारलेलं नव्हतं.

* * *

महिना झाला. जानेवारीतली सकाळ. दुसऱ्या दिवशी कालव्याची पाळी लागायची होती. म्हणजे आज लिहून मिळालं तरच उद्या खोरं. आसारामनं शिवेवर चप्पल पायात घातली, एसटीत बसल्यावर यंत्रं कानात घातली. राजेश्री कार्ड घेऊन, झुंबरबाई पिशवी घेऊन. मागच्या सीटवर दिनकरराव.

"तुमी कुटं निघालाव भाऊजी?" झुंबरबाईनं विचारलं.

"मी असाच," दिनकरराव म्हणाले. "परभनी बघायला."

केंद्रात मोठी गर्दी. भिंतीकडेनं खुर्च्या, खुर्च्यांवर म्हातारे, दाराशी चपलांचा ढीग. सगळे तपासणीला आलेले. अर्पिता मॅडमनी आसारामची यंत्रं काढून वायरीला जोडली आणि पडद्याकडं बघितलं. मग कार्डाकडं. मग परत पडद्याकडं.

"आजोबा, तीस दिवसांत यंत्र फक्त एकोणीस तास चालू होतं."

यंत्रं टेबलावर असल्यामुळं आसारामनं मान हलवली. मॅडमनी ती परत त्याच्या कानात घातली आणि वाक्य परत म्हटलं.

"कुनी सांगितलं?"

"यंत्रच सांगतं. कधी घातलं, किती वेळ घातलं, सगळं आत नोंद होतं."

आसारामनं कानामागं हात नेला. ज्याला महिनाभर ज्वारीच्या उबेत ठेवलं, फडक्यात गुंडाळलं, तो असा निघाला.

"चुगलखोर हाय की," तो म्हणाला.

"आणि या कार्डावर तीनशे पैकी तीनशे बरोबर आहेत. न घालता तीनशे वेळा कसे वळले?"

राजेश्रीनं सासूकडं बघितलं. झुंबरबाईनं पिशवीत हात घातला आणि एक बारीक ढेकूळ काढून टेबलावर ठेवलं.

"ह्यानं," ती म्हणाली.

अर्पिता मॅडमनी पाच वर्षं शिक्षण घेतलं होतं. त्यात ढेकूळ नव्हतं. राजेश्रीनं सगळं समजावून सांगितलं; बारीक म्हणजे काय, लिंबाएवढं म्हणजे काय, डावा खांदा, उजवा खांदा. मॅडमनी ढेकूळ हातात घेऊन बघितलं, ओठ दाबून धरले आणि पडद्यामागं जाऊन पाणी पिऊन आल्या. आल्यावर त्यांचे डोळे ओले होते.

"मावशी, नियम आहे. वापर नसेल तर जोडी पुढच्याला द्यावी लागते. पण एकदा बघू. आजोबा, तुम्ही तिकडं तोंड करून बसा. मावशी, तुम्ही इथून दहा पावलांवरून हाक मारा. नाव घेऊन."

आसाराम भिंतीकडं तोंड करून बसला. त्याची पाठ ताठ झाली, ढेकळाची वाट बघत असल्यासारखी. झुंबरबाई उभी राहिली. सगळ्या खुर्च्या तिच्याकडं बघत होत्या.

"नाव न्हाई येत घ्यायला," ती म्हणाली.

"मग नेहमी कसं बोलावता तसं बोलवा."

झुंबरबाईनं घसा खाकरला. "अवोऽ!"

हॉलमधले नऊ म्हातारे एकदम वळले. सेलूचे वळले, पालमचे वळले, एक जण तर "आलो, आलो," म्हणत उठला. ट्रस्टच्या महिन्याभराच्या कामाचा याहून चांगला पुरावा कोणी मागितला नसता. वळला नाही तो एकटा आसाराम. अवो म्हणजे आपण, ही गोष्ट बारा वर्षांत तो विसरून गेला होता.

"घ्या की वैनी नाव," दिनकरराव कोपऱ्यातून म्हणाले. "लाजायचं काय त्यात? न्हाईतर जोडी इकडं पाठवा."

झुंबरबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग भिंतीकडं तोंड केलेल्या त्या पाठीकडं. सदऱ्याखाली खांद्याची हाडं वर आलेली, मानेवर उन्हानं पडलेल्या चिरा. ही पाठ तिनं चाळीस पावलांवरून जेवढी बघितली होती, तेवढं नवऱ्याचं तोंड बघितलं नव्हतं. उद्या त्या पाठीपुढं खोरं नसलं, तर ती पाठ ओसरीवर बसून राहणार. किती वर्षं, कुणास ठाऊक.

तिनं पदर कमरेला खोचला. वाफ्याच्या शेवटाला उभी राहते तशी पायांत फट पाडून उभी राहिली. एक हात तोंडाशी धरला.

"भरलाऽऽऽऽ!"

आसाराम उठला. कुणी उठवल्यासारखा नाही. खुर्ची होती तिथंच राहिली आणि माणूस उभा. उजवा पाय पुढं पडला. भिंतीशी फरशी पुसायचा दांडा उभा होता, तो त्यानं दोन्ही हातांनी धरला, गर्रकन वळला आणि एका ओढीत दाराशी पडलेला सगळा चपलांचा ढीग ओढून दार बुजवलं. मग दुसरं दार मोडायला वाकला आणि त्याला दिसलं की आपण परभणीत आहोत.

हॉल हसायला लागला. आसारामला ते हसू सगळं ऐकू येत होतं. नऊ म्हाताऱ्यांचं वेगवेगळं. तोही हसला.

हाक इतकी मोठी होती की यंत्र नसलेल्या दिनकररावांनाही ती स्वच्छ ऐकू आली होती. मॅडमनी ते बघितलं तर आपलं नाव यादीतून जाईल, म्हणून ते न ऐकल्यासारखे पंख्याकडं बघत बसले.

मॅडमनी यंत्रं काढून तीच हाक पुन्हा मारायला लावली. आसारामनं आता चपलांच्या जोड्या लावायला घेतल्या होत्या. तो लावत राहिला. यंत्रं घातली, हाक मारली. हातातली चप्पल टाकून उभा. तिसऱ्यांदा गरज नव्हती, पण मॅडमनी तिसऱ्यांदाही मारायला लावली.

मग त्यांनी कार्डावरचे 'नाव घेऊन' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'भरला'. "जोडी ठेवा आजोबा. पण कोठीत नाही. शेतात घालायची. रोज."

"माती लागंल की."

"लागू द्या. पुसायला ब्रश दिलाय. फक्त पाण्यात पाडू नका."

"झिजंल."

"झिजू द्या," मॅडम म्हणाल्या. "त्यासाठीच आहे." आणि आबासाहेबांना द्यायचा कागद लिहिला. राजेश्रीनं तो दोनदा वाचून घडी केली. "आणि काका," मॅडम मान खाली घालून, अगदी हळू म्हणाल्या, "पुढच्या खेपेला पहिला नंबर तुमचा."

"बरं बरं," दिनकरराव पंख्याकडं बघतच म्हणाले.

परतीच्या एसटीत आसाराम आपण होऊन मागच्या सीटवर जाऊन बसला. काच वाजत होती.

"दिनकर, महिनाभर तू बांधावरून काय बोलायलास मला? आज सांग."

दिनकररावांनी सांगितलं. तुरीचं सांगितलं, ढेकळांचं सांगितलं, म्हशीनं मागं एकदा कडबा खाल्ला तेही सांगितलं. आसारामनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. असं ऐकून घेणारं माणूस न मिळाल्यामुळं दिनकररावांचंच बोलणं लवकर संपलं.

"एवढंच?" आसाराम म्हणाला. "मला वाटलं, माज्या मायवरून बोलायलास. तूर काय, खळ्याला येतो मी दोन दिवस. झाडून देतो."

"भिजल्याली बी?"

"भिजल्याली बी."

* * *

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. आबासाहेब कालव्यावर उभे होते. त्यांनी कागद वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली आणि घडी करून खिशात ठेवला. "धरा खोरं," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले.

"वरडायचं काम न्हाई आबासाहेब," आसाराम म्हणाला, "ऐकायला यायलंय."

पाणी थंड होतं. पोटऱ्यांपर्यंत चढलं तशी नडगीची कळ वर आली आणि मग पाय बधिर झाले. सकाळचं ऊन पाठीवर. गहू टोंगळ्याला, गुडघाभर आलेला. पहिला वाफा भरला.

"भरलाऽऽ!"

खोरं पडलं, माती ओढली, दार बुजलं, पुढचं मोडलं. एक थेंब इकडंतिकडं नाही. दुसरा. तिसरा. आसारामला आता पाणी ऐकू येत होतं. वाफ्यात शिरताना वेगळं, भरत आल्यावर वेगळं. दोन वेळा तर हाक यायच्या आधीच त्याचा हात दांड्यावर गेला. झुंबरबाईची ओटी रिकामी होती. हातांना काय काम द्यावं हे तिला कळेना. तिनं बांधावरचं गवत उपटलं, पदर चार वेळा खोचला.

दुपारी आबासाहेब जेवायला गेले. शिवार मोकळं झालं. सातव्या वाफ्यात पाणी सोडून आसाराम पाठ करून उभा होता. भरायला अजून वेळ होता. झुंबरबाई बांधाबांधानं पुढं आली. चाळीस पावलं, तीस, वीस. दहा पावलांवर थांबली. चारी बाजूंना बघितलं. लांब दिनकरराव खळं सारवत होते. त्यांची काळजी नव्हती.

"आसाराम," ती म्हणाली.

चाळीस वर्षांनी तोंडातून निघालेलं नाव. तेही उखाण्याशिवाय, उघडंबोडकं. तिचं तिलाच नवल वाटलं.

पाठ वळली नाही.

ती थोडी थांबली. "आसाराम," जरा मोठ्यानं.

पाठ वळली नाही. पण तळहातावर तंबाखू मळत असलेला अंगठा थांबला होता. तो तिला मागून दिसत नव्हता.

"आसारामराव," तिनं मान म्हणून राव लावून बघितलं.

तिकडं सातवा वाफा भरला, काठोकाठ आला, आणि पाणी बांधावर चढायला लागलं. सारवण सोडून दिनकरराव हात उंच करून पळत निघाले, "आरं भरलाऽऽ! भरला की रं! माजं खळंऽऽ!"

झुंबरबाई वाकली. बांधावर, उन्हानं वाळलेलं, आज सकाळीच खोऱ्यानं ओढलेलं एक ढेकूळ होतं. तिनं ते उचललं आणि दोन्ही खांद्यांच्या बरोबर मधोमध घातलं.

आसाराम वळला. दार बुजवलं, पुढचं मोडलं, मगच बोलला.

"काय म्हन्लीस?"

"भरला म्हन्लं."

"त्याच्या आदी?"

"त्याच्या आदी काय न्हाई," झुंबरबाई म्हणाली आणि भरभर वाफ्याच्या शेवटाला निघून गेली.

दिवेलागणीला राजेश्री कार्ड घेऊन चुलीपाशी बसली. आसाराम ओसरीवर, दाराकडं पाठ करून, ब्रशानं एका कानाचं यंत्र पुसत होता. दुसरं कानात होतं.

"आत्याबाई, आज किती डाव भरला म्हन्लाव?"

"चौदा डाव. चौदाच्या चौदा वळले."

राजेश्रीनं खुणा केल्या.

"अन नाव?" तिनं उगीच, चेष्टेनं विचारलं.

झुंबरबाईनं चुलीतलं लाकूड सारलं. मग आणखी एक सारलं. "तीन डाव," ती अगदी हळू म्हणाली.

राजेश्रीच्या हातातला पेन थांबला. "आत्याबाई! मंग? किती डाव वळले?"

"एकदाबी न्हाई." आणि ती पदरात तोंड घालून हसायला लागली.

"आं? बिघडलं का काय यंत्र?" राजेश्री घाबरली. "उद्याच्याला मॅडमला फोन लावते."

"काई फोन लावू नगंस," ओसरीवरून, पाठ न वळवता आसाराम म्हणाला. "यंत्र लय चांगलं हाय."